पाय धुवायला पाणी

गेल्या जुलैत, एका गुरुवारी दुपारी, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका निवृत्त पाद्र्यांनी त्यांच्या घरातली वरची खोली मला राहायला देऊ केली. मी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

खोली कशासाठी होती, ते आधी सांगायला हवं. पाद्री एक पुस्तक तयार करत होते आणि त्याचं साधारण एका हिवाळ्याचं काम उरलं होतं. त्यांची दृष्टी मधोमध गेली होती. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. माझ्याकडे पाहायचं असेल तर ते मान वळवून खिडकीकडे पाहत. पत्नी वारली होती. ओहायोत राहणाऱ्या मुलीने त्यांना बजावलं होतं की येणारा हिवाळा या घरात एकट्याने काढायचा नाही. घरात कोणी सोबतीला असेल तर राहा, नाहीतर घर विकून माझ्याकडे या. पुस्तकाला लागणारे ग्रंथ इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते आणि ते वाचून दाखवणारा माणूस, म्हणजे मी, इथे होतो. ही सगळी परिस्थिती आम्हा दोघांनाही माहीत होती.

आमचं बोलणं इंग्रजीत होत असे. इथे ते मराठीत दिलं आहे.

नागपूरच्या एका दैनिकात मी आधी बातमीदार आणि नंतर वृत्तसंपादक होतो. पत्नीला इथल्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली, म्हणून आम्ही आलो. माझा व्हिसा तिच्या व्हिसाला जोडलेला. त्यावर नोकरी करता येत नाही. ती सकाळच्या कॅम्पस बसने लॅबला जायची. बस वळणाआड गेली की मी भांडी घासायचो आणि मग आमच्या दैनिकाची वेबसाइट उघडून दुसऱ्यांनी दिलेल्या मथळ्यांतल्या चुका काढत बसायचो. नागपुरात तेव्हा संध्याकाळ असायची, डेस्कवरची धावपळीची वेळ. सुरुवातीला जुने सहकारी माझ्या मेसेजना सविस्तर उत्तरं द्यायचे. पुढे उत्तरं आखूड झाली. नंतर नुसता अंगठा यायला लागला.

मराठी मंडळींच्या जेवणांना आम्ही जायचो. बहुतेक जण पीएचडी करणारे किंवा आयटीतले. ‘आणि तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला मी ‘सध्या काही नाही’ असं उत्तर द्यायचो. मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेल्या एका काकांनी एकदा माझ्या पाठीवर थाप मारली. “म्हणजे आपण दोघं एकाच कॅटेगरीत. फक्त मला त्यासाठी अठ्ठावन्न वर्षांचं व्हावं लागलं.” सगळे हसले. मीही हसलो. विनोद बरा होता.

ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवायला माणसं हवीत, अशी सूचना गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात लावलेली होती. पगार नव्हता, म्हणून व्हिसाची अडचण नव्हती. मी नाव दिलं आणि माझ्या वाट्याला हे पाद्री आले. नावाने हाक मारा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला ते जमेना. काका म्हणावं तर त्यांना अर्थ सांगत बसावं लागलं असतं. शेवटी ‘रेव्हरंड’वर तडजोड झाली.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, कॉफी घेणार का. मी नको, नको म्हणालो. ते आत गेले, चाचपडत एक कप भरून घेऊन आले आणि माझ्यासमोर बसून शांतपणे प्यायले. बाहेर बर्फ पडत होतं. मी बसने आलो होतो आणि थांब्यापासून चालत. दुसऱ्या भेटीपासून मी विचारताक्षणी हो म्हणू लागलो.

रेव्हरंडांचे आजोबा वेल्समधून पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत कामाला आले होते. स्वतः रेव्हरंड कधी वेल्सला राहिले नव्हते. “मला वेल्श भाषेत प्रार्थना येतात आणि शिव्या येतात,” ते म्हणायचे. “मधलं काही येत नाही.” पुस्तक त्यांना खाणवाल्यांच्या पतवंडांसाठी करायचं होतं. मध्ययुगातल्या धर्मगुरूंनी वेल्सचा इतिहास आणि तिथल्या चालीरीती लिहून ठेवल्या, त्यातलं निवडून, सोप्या इंग्रजीत, टिपांसह. त्या काळी लिहिता येणारी माणसं बहुतेक मठात किंवा चर्चमध्येच असत. त्यामुळे राजा कधी मेला, गुरांवर रोग कधी आला, धूमकेतू कधी दिसला, ही सगळी नोंद त्यांनीच केलेली आहे.

सगळ्यांत जुनी नोंदवही वर्षवार होती. एकेका वर्षापुढे एखादी ओळ. कितीतरी वर्षांपुढे तीही नाही. लेखनिकाने फक्त ‘वर्ष’ हा शब्द लिहिलेला, आणि पुढे कोरं. मी ती वर्षं सोडून पुढे गेलो. रेव्हरंडांनी मला थांबवलं. मधली वाचा, म्हणाले.

“त्यांत काही नाही.”

“तरी वाचा. त्या वर्षीही ओळ लिहायला कुणीतरी बसलंच होतं ना.”

मी वाचलं. वर्ष. वर्ष. वर्ष. वर्ष. ते डोळे मिटून ऐकत होते.

पुस्तकाचा मोठा भाग मात्र बाराव्या शतकातल्या एकाच धर्माधिकाऱ्याचा होता. बाप इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांतला, आईची आई वेल्श राजकन्या. धर्मयुद्धासाठी माणसं गोळा करायला निघालेल्या आर्चबिशपबरोबर तो वेल्सभर फिरला आणि त्याने प्रवासाची हकिकत लिहिली. नंतर त्या देशाचं आणि माणसांचं वर्णन लिहिलं. पहिल्या भागात स्तुती, दुसऱ्या भागात निंदा, आणि शेवटी यांना जिंकायचं कसं आणि यांनी प्रतिकार करायचा कसा, हे दोन्ही. वेल्सच्या पश्चिम टोकाला एक धर्मपीठ होतं, तिथला बिशप व्हायची त्याची इच्छा होती. त्यासाठी तो वारंवार रोमला गेला. नॉर्मन त्याला वेल्श समजत आणि वेल्श त्याला नॉर्मन. बिशपपद मिळालं नाही.

या माणसाला वाचताना मी सवयीने विचारायला लागलो की हे त्याला कुणी सांगितलं. उदाहरणार्थ, त्याने लॅटिन आणि फ्रेंचमध्ये प्रवचन दिलं, त्या दोन्ही भाषा न येणारे लोक ढसाढसा रडले आणि धर्मयुद्धाला यायला पुढे धावले. साक्षीदार कोण? तोच.

“मी चाळीस वर्षं प्रवचनं दिली,” रेव्हरंड म्हणाले. “न कळता रडणारा एकही पाहिला नाही. कळून झोपणारे पुष्कळ पाहिले.”

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. प्रत्येक उताऱ्यापुढे मी तीनपैकी एक अक्षर टाकायचो. प म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं. ऐ म्हणजे ऐकलेलं. उ म्हणजे जुन्या ग्रंथातून उचललेलं. डेस्कवर मी नवीन बातमीदारांच्या कॉपीवर हीच अक्षरं लिहायचो. इंग्रजी अक्षरं करू या का, असं मी विचारलं. रेव्हरंडांनी नको म्हटलं. उतारा संपला की ते वाट पाहायचे आणि विचारायचे, “कोणतं अक्षर?” मग मी सांगितलेलं ते पुन्हा म्हणायचे. प त्यांना चांगला जमायचा. ऐ म्हणताना हसू यायचं.

ज्या सरोवरातले पक्षी फक्त खऱ्या राजासमोर गातात, ते ऐ. लोक वाद्यांशिवाय एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गातात, ते प. दात हेझेलच्या हिरव्या काडीने घासून लोकरीच्या फडक्याने पुसतात, प. एकाच लांब अंथरुणावर सगळे शेजारी शेजारी झोपतात, पायाशी विस्तव असतो आणि एक कूस गारठली की उठून शेकोटीपाशी येतात, तेही प. त्याच्या आधीच्या पिढीतल्या एका पाद्र्याने वेल्सच्या प्राचीन राजांचा मोठा इतिहास रचला होता. त्याबद्दल आमच्या धर्माधिकाऱ्याने एक गोष्ट दिली आहे. भुतांनी झपाटलेल्या एका माणसाच्या छातीवर बायबल ठेवलं की भुतं उडून जात. त्याजागी हा इतिहास ठेवला की पूर्वीपेक्षा जास्त संख्येने येऊन बसत. रेव्हरंडांनी ती मला दोनदा वाचायला लावली. त्या इतिहासाला आम्ही सरसकट उ दिला.

झाडांना पालवी फुटली तेव्हा आम्ही पाहुणचाराच्या प्रकरणापाशी आलो होतो. वेल्समध्ये वाटसरू कुणाच्याही घरी जाऊ शकतो, असं तिथे दिलं आहे. तो आसरा मागत नाही. आत येऊन शस्त्रं काढून देतो. घरातले त्याला पाय धुवायला पाणी देतात. त्याने पाय धुऊ दिले, तर तो मुक्कामाचा पाहुणा. पाणी नको म्हणाला, तर तो काही खाऊन पुढे जाणार, हे सगळ्यांना कळतं. मग कोणी काही विचारत नाही.

रेव्हरंडांना हे फार आवडलं. किती नीट, म्हणाले, कुणाला कुणाची मिनतवारी नको. मी सांगितलं की आमच्याकडेही खेड्यात दारात पाय धुवायला पाणी ठेवतात, नंतर गूळ आणि पाणी देतात. गूळ कसा लागतो, हे त्यांनी विचारलं. पुढच्या वेळी न्यू जर्सीहून वाणसामान आणलं तेव्हा मी त्यांना एक खडा नेऊन दिला. त्या दिवशी गूळपाण्यापर्यंतच बोलणं झालं. त्यापुढचा आग्रह, नको नको, घ्या हो, यातलं मी काही सांगितलं नाही. ती सांगण्यासारखी चाल आहे असं मला वाटलं नव्हतं.

जूनमध्ये पत्नीला व्हर्जिनियात, हर्नडनला, एका टेक कंपनीत नोकरी लागली. ऑगस्टमध्ये हजर व्हायचं होतं. त्यानंतर महिन्याभराने तो जुलैतला गुरुवार आला.

“वरची खोली रिकामी आहे,” रेव्हरंड खिडकीकडे पाहत म्हणाले. म्हणजे माझ्याकडे पाहत. “तुमची पत्नी व्हर्जिनियाला गेली की तुम्ही इथे राहू शकता. वसंतापर्यंत. पुस्तक होऊन जाईल.”

“नको, तुम्हाला कशाला त्रास,” मी म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले. “कुठे होतो आपण?”

आम्ही बीव्हरपाशी होतो. झाडं कुरतडून पाडणारा आणि नदीत लाकडांचं घर बांधणारा हा प्राणी वेल्समध्ये एकाच नदीत उरला आहे, असं धर्माधिकाऱ्याने नोंदवलं आहे. मी ते वाचलं. प की ऐ, हे त्या दिवशी ठरलं नाही.

घरी आल्यावर पत्नीला सांगितलं. ती कांदा चिरत होती. पुस्तकासाठी तू इथे थांबलास तरी चालेल, काही महिन्यांचा प्रश्न आहे, मी तिकडे मॅनेज करीन, असं ती आधीच म्हणाली होती. त्यामुळे तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, “मग नको का म्हणालास?”

“पुन्हा विचारतील की.”

“अरे, हे लोक पुन्हा विचारत नाहीत यार. कॉफीचं विसरलास? उद्या फोन करून सांग.”

“स्वतः कसं सांगणार? मागून घेतल्यासारखं होईल.”

तिने पुन्हा कांदा चिरायला घेतला.

पुढच्या गुरुवारी मी म्हणालो की आमचं लीज संपत आलं आहे. हो का, ते म्हणाले. त्यापुढच्या गुरुवारी मी म्हणालो की हर्नडनला मला तसं काहीच काम नाही. नागपुरात एवढं पुरलं असतं. रेव्हरंडांनी विचार करून सांगितलं की तिथली ग्रंथालयं चांगली आहेत असं त्यांनी ऐकलंय. निघताना त्यांनी मनुका घातलेल्या, तव्यावर भाजलेल्या छोट्या गोड पोळ्या डब्यात भरून दिल्या. त्या त्यांना हाताच्या अंदाजाने करता यायच्या. आजीची रीत, म्हणाले. मुलगी घर पाहायला येणार आहे, हेही सांगितलं. मी विचारलं, हिवाळ्याचं काय ठरलं. ते म्हणाले, ठरलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही हर्नडनला आलो. इथे भारतीय दुकानं जवळ आहेत. कोथिंबीर, कढीपत्ता, पोहे, सगळं मिळतं. इमारतीत तेलुगू, तमिळ, मराठी कुटुंबं आहेत. सकाळी सगळे आपापल्या गाड्यांनी निघून जातात आणि पार्किंगमध्ये पांढऱ्या रेघा दिसायला लागतात. शेजारच्या घरातल्या शाळकरी मुलीशी मी लिफ्टमध्ये मराठीत बोलायचो. ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आमचं तेवढं बोलणं नियमित होतं.

गुरुवारचं वाचन फोनवर चालू राहिलं. ग्रंथांची जुनी भाषांतरं मी इथल्या ग्रंथालयातून मागवून घेतली. काही आली, काही आली नाहीत. फोनवर रेव्हरंडांना वेल्श नावं नीट ऐकू येत नसत. मी चुकीचा उच्चार केला की पूर्वी ते लगेच टोकायचे, आता टोकत नव्हते.

सप्टेंबरमध्ये निंदेचा भाग लागला. दुसऱ्याच्या घरी पान मांडलं असलं की हे लोक बेसुमार खातात, असा धर्माधिकाऱ्याचा आरोप होता. मला हसू आलं. मी म्हणालो, आमच्याकडे उलटं आहे. पाहुण्याला कितीही भूक असली तरी पहिल्यांदा तो नको म्हणतो.

“भूक असताना?”

“हो.”

“किती वेळा?”

“दोनदा तरी. तिसऱ्यांदा घेतो.”

“आणि यजमान काय करतो?”

“विचारत राहतो.”

मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

“खोलीचं विचारलं तेव्हा?” त्यांनी विचारलं.

“तेव्हाही.”

“तुम्ही पाणी नको म्हणालात. मी ते तसंच घेतलं. आपण वाचलं होतं ना.”

“वाचलं होतं.”

“सोमवारी मी घराच्या विक्रीवर सही केली,” ते म्हणाले. “पाहुणचाराच्या टिपेत हे घाला. पाहुणा दोनदा नाही म्हणतो. कोणतं अक्षर?”

“प,” मी म्हणालो.

“प,” ते म्हणाले.

ती टीप मी त्याच दुपारी टाइप केली. आम्ही दोघांनी मिळून केलेली ती शेवटची टीप. ओहायोला गेल्यावर त्यांच्याशी दोनदा फोनवर बोलणं झालं. दोन्ही वेळा त्यांनी वाचन पुढच्या आठवड्यावर ढकललं. नंतर फोन मुलीने उचलला. बाबा हल्ली दुपारी झोपतात, तिने सांगितलं. पुस्तकाची तयार प्रकरणं मी तिला पाठवली. ती मिळाल्याचं तिने कळवलं. उरलेली माझ्याकडे कच्ची आहेत. अक्षरं टाकलेली, टिपा नसलेली.

ऑक्टोबरच्या अखेरीस मुलगी घर रिकामं करायला स्टेट कॉलेजला येणार होती. विद्यापीठाचे काही ग्रंथ रेव्हरंडांच्या घरी राहिले होते, ते परत करायचे होते. मी आणि पत्नी शनिवारी गाडीने गेलो. रेव्हरंड आले नव्हते. प्रवास झेपला नसता, मुलगी म्हणाली. ती साठीच्या आसपासची, उंच, भराभर चालणारी बाई होती. तिने कॉफी विचारली. मी हो म्हणालो. पत्नीही हो म्हणाली. कपबशा बांधून झाल्या होत्या, त्यामुळे तिने ती कागदी पेल्यांत दिली.

ग्रंथ बाहेरच्या टेबलावर रचून ठेवलेले होते. ते गाडीत ठेवून झाल्यावर मुलीने विचारलं की वरची गादी खाली आणायला मदत कराल का, दान घेणाऱ्या संस्थेची गाडी येणार आहे. मी त्या घराच्या वरच्या मजल्यावर पूर्वी कधी गेलो नव्हतो. खोली लहान होती. उतरतं छत, मागच्या अंगणावर उघडणारी खिडकी, खिडकीखाली टेबल आणि त्यावर मान वाकवता येणारा दिवा. खाट एकाच माणसाची होती, तिच्यावरची गादी नवीकोरी.

गादी तुम्ही मागवली होती का, मी मुलीला विचारलं. ती नाही म्हणाली. तिच्या माहितीप्रमाणे त्या खोलीत बऱ्याच वर्षांत कोणी झोपलं नव्हतं.

गादी जिन्याच्या वळणावर उभी करावी लागली तेव्हा दुकानाची चिठ्ठी माझ्या तोंडासमोर आली. तिच्यावर रेव्हरंडांचं नाव होतं. घरपोच दिल्याचा महिना जून होता. गादीवरचं प्लास्टिक कुठेही फाडलेलं नव्हतं.